विहिरीचा निकाल येण्याआधी : तेलशोध कंपन्यांच्या समभागांचा हिशेब कसा मांडावा

फेब्रुवारी २०१० मध्ये ओशन गार्डियन ही तरंगती रिग दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांच्या उत्तरेकडील समुद्रात पोहोचली. लंडनच्या एआयएम या बाजारात नोंदलेल्या दोन छोट्या कंपन्यांसाठी तिने एकाच खोऱ्यात पाठोपाठ दोन विहिरी खोदल्या. डिझायर पेट्रोलियमच्या ‘लिझ’ विहिरीचा निराशाजनक निकाल मार्चअखेर आला आणि कंपनीचा समभाग एका दिवसात जवळजवळ निम्म्यावर उतरला. त्यानंतर रॉकहॉपर एक्सप्लोरेशनच्या ‘सी लायन’ विहिरीत तेल लागल्याचे ६ मे रोजी जाहीर झाले आणि तिचा समभाग त्याच दिवशी दुपटीच्या पुढे गेला. रिग तीच होती, समुद्र तोच होता. फरक होता तो समुद्रतळाखालच्या खडकात, जो खोदाईपूर्वी कोणालाही पाहता आला नव्हता.

या व्यवहारात उतरणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदाराने एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी. तेल लागेल की नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या आवाक्यात नाही. ते कंपनीच्या भूशास्त्रज्ञांच्याही आवाक्यात नसते, म्हणून तर विहीर खोदावी लागते. त्याला सोडवता येण्याजोगा प्रश्न असा की, आजच्या भावाने यशाची किती शक्यता आधीच गृहीत धरली आहे आणि ती वाजवी शक्यतेहून जास्त आहे की कमी. हा हिशेब कागदावर मांडता येतो, त्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी माहिती कंपनीच्या जाहीर कागदपत्रांत असते, आणि तरीही बहुसंख्य लोक तो मांडत नाहीत असे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. हा सट्टा आहे हे मान्य करूनच मी पुढे लिहितो आहे. मात्र किंमत मोजून सट्टा करणारा आणि डोळे मिटून करणारा यांच्या नशिबात दीर्घकाळात मोठे अंतर पडते.

आधी कंपनीचा ताळेबंद

नकाशे आणि खडकांची रंगीत चित्रे पाहण्याआधी कंपनीचे ताजे आर्थिक निवेदन उघडावे. त्यातला पहिला आकडा समभागांच्या संख्येचा. केवळ आज बाजारात असलेले समभाग मोजून चालत नाही. संचालकांना दिलेले पर्याय आणि निधी पुरवणाऱ्यांना दिलेली वॉरंट (दोन्ही म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे नवे समभाग घेण्याचे हक्क) धरून होणारी संपूर्ण संख्या घ्यावी लागते, कारण यश आलेच तर ही सगळी मंडळी आपला हक्क बजावणार आणि मिळालेल्या फळाचे तेवढे जास्त वाटेकरी होणार.

दुसरा आकडा रोकडीचा, आणि तोही आजचा नव्हे तर विहीर खोदून झाल्यावर उरणाऱ्या रोकडीचा. रिगचे भाडे दिवसाच्या हिशेबाने चालते. वादळ आले, नळ अडकला, अपेक्षेपेक्षा जास्त दाबाचा थर लागला की दिवस वाढतात आणि खर्चही त्याच गतीने वाढतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या खर्चात मी स्वतः नेहमी चौथा हिस्सा वाढवून धरतो. एवढे करूनही रोकड पुरत नसेल, तर खोदाईपूर्वी कंपनी नवे समभाग काढणार हे गृहीत धरावे. असे समभाग सहसा चालू भावापेक्षा सवलतीत संस्थांना दिले जातात आणि त्या दिवशी भाव सवलतीच्या पातळीकडे ओढला जातो. पैसा उभा राहण्याआधी घाईने खरेदी करणारा माणूस त्या सवलतीची किंमत स्वतःच्या खिशातून मोजतो. निधी उभारणीची घोषणा होऊन गेल्यानंतरचा शांत काळ हा खरेदीसाठी त्यामानाने पुष्कळ चांगला असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे परवान्यातील कंपनीचा हिस्सा. गयानाजवळच्या ओरिंदुइक या समुद्री क्षेत्रात २०१९ मध्ये खोदाई झाली तेव्हा टलो ऑइलकडे ६० टक्के, टोटलकडे २५ टक्के आणि इको अटलांटिक या छोट्या कंपनीकडे १५ टक्के हिस्सा होता. संपूर्ण क्षेत्रात किती पिंपे असू शकतात हा आकडा बातमीत झळकतो, परंतु छोट्या कंपनीच्या भागधारकाने त्यातील फक्त १५ टक्के स्वतःच्या हिशेबात धरायचे असतात. त्यातूनही संबंधित देशाचे सरकार कर, स्वामित्वधन किंवा उत्पादन-वाटणीच्या कराराने आपला भाग घेते, आणि तो भाग अनेक देशांत निम्म्याहून बराच अधिक असतो.

इथेच आणखी एक नोंद पाहावी, जिला मी कोणत्याही सल्लागाराच्या शिफारशीपेक्षा जास्त वजन देतो. छोट्या कंपनीने आपल्या परवान्यातला काही भाग मोठ्या कंपनीला दिला असेल, तर तो कोणत्या अटींवर दिला? मोठ्या कंपनीने ३० टक्के हिस्सा मिळवण्यासाठी विहिरीचा ६० टक्के खर्च उचलला असेल, तर सर्व भूगर्भीय माहिती तपासून झाल्यावर एका जाणत्या व्यावसायिकाने स्वतःचा पैसा दुप्पट मोलाने लावला आहे, असा त्याचा अर्थ होतो. उलट वर्षभर भागीदार शोधूनही कोणी पुढे आले नसेल आणि कंपनी एकटीच खोदायला निघाली असेल, तर ज्यांनी ती माहिती पाहून नकार दिला त्यांची संख्या कोणत्याही कागदावर दिसत नाही, पण ती असते.

तज्ज्ञाच्या अहवालातील आकडे

बहुतेक कंपन्या एखाद्या स्वतंत्र तज्ज्ञ संस्थेकडून साठ्याचा अहवाल तयार करून घेतात. सोसायटी ऑफ पेट्रोलियम इंजिनिअर्स आणि इतर संस्थांनी २००७ मध्ये ठरवलेली आणि २०१८ मध्ये सुधारलेली वर्गवारी त्यात सामान्यतः वापरलेली असते. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. सापडलेले आणि व्यापारीदृष्ट्या काढता येण्याजोगे तेल म्हणजे राखीव साठा. सापडलेले, पण अजून काही अटी पूर्ण न झाल्यामुळे राखीव साठ्यात न धरता येणारे तेल म्हणजे सशर्त संसाधन. आणि अजून सापडलेलेच नाही, असेल तर इतके असावे, असा अंदाज म्हणजे संभाव्य संसाधन. निकालापूर्वी आपण ज्यावर पैसा लावतो ते या तिसऱ्या पायरीवरचे तेल असते. एखादे माहितीपत्रक या पायऱ्यांची सरमिसळ करून सरसकट ‘साठा’ असा शब्द वापरत असेल, तर तेवढ्याच कारणाने सावध व्हावे. बाजारात तुरी असतानाच घरात वाटणी सुरू झालेली असते.

संभाव्य संसाधनाचे तीन आकडे दिलेले असतात : किमान, मध्यम आणि कमाल. समजा ते ४ कोटी, १५ कोटी आणि ४२ कोटी पिंपे असे आहेत. हे वितरण एका बाजूला लांबट शेपूट असलेले असते, त्यामुळे त्याची सरासरी मध्यम आकड्यापेक्षा मोठी येते, आणि सादरीकरणात सरासरी किंवा थेट कमाल आकडा ठळक अक्षरांत छापण्याचा मोह कंपन्यांना होतो. आपल्या हिशेबात मध्यम आकडाच घ्यावा. अनेक तेलक्षेत्रे सापडल्यानंतर अंदाजाच्या किमान बाजूलाच भरतात, हेही लक्षात असू द्यावे.

यशाची शक्यता कशी काढतात हे समजून घेणे अवघड नाही. तेल साचायला चार-पाच गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात : ज्यात तेल तयार होते तो उगमखडक, तिथून तेल वाहत येण्याचा मार्ग, ज्याच्या छिद्रांत ते साठते तो सच्छिद्र साठाखडक, त्याला अडवणारा सापळ्यासारखा आकार, आणि वरून घट्ट बसणारा अभेद्य झाकणखडक. प्रत्येकाची शक्यता वेगळी काढून त्यांचा गुणाकार करतात. उगमखडक आणि मार्ग यांना मिळून ०.८, साठाखडकाला ०.७, सापळ्याला ०.६ आणि झाकणखडकाला ०.६ धरले, तर गुणाकार जवळपास ०.२ येतो, म्हणजे पाचात एक. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर आश्वासक वाटतो, आणि सगळे मिळून मात्र पाचपैकी चार वेळा अपयश सांगतात. अहवालात हे तुकडे वेगवेगळे दिलेले असतील, तर सर्वांत दुबळा कोणता ते शोधावे आणि विहिरीत नेमके त्याच मुद्द्याचे काय होते याकडे लक्ष ठेवावे. नव्या, कधीच न खोदलेल्या खोऱ्यात सर्वांत मोठी शंका उगमखडकाची असते. आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, मग सापळा कितीही सुरेख असो.

सापळा उत्तम असूनही फसवणूक कशी होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण अलास्काच्या उत्तरेकडील ब्यूफोर्ट समुद्रातले आहे. १९८३ मध्ये सोहायो कंपनीच्या नेतृत्वाखाली तिथल्या मुक्लुक या प्रचंड भूरचनेवर विहीर खोदली गेली. परवाने आणि खोदाई मिळून एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला होता. खडकात तेलाचे डाग मिळाले, पण हाती लागले ते पाणी. तेल कधीकाळी तिथे होते आणि लाखो वर्षांपूर्वी निसटून गेले होते. आकार, साठाखडक आणि उगम हे सारे योग्य ठरूनही एका गोष्टीने सगळे वाया गेले.

सिस्मिक चित्रातील, म्हणजे ध्वनिलहरी पाठवून घेतलेल्या भूगर्भाच्या चित्रातील, चमकदार पट्टा दाखवून शक्यता वाढल्याचे सांगितले जाते. काही खोऱ्यांत ते खरेही असते. तथापि थोडासा वायू मिसळलेले पाणीसुद्धा तितकाच चमकदार पट्टा देऊ शकते, म्हणून त्याच खोऱ्यात तशा पट्ट्यावर आधी खोदलेल्या विहिरींचे काय झाले हे विचारल्याशिवाय त्या दाव्याला वजन देऊ नये.

शिवाय भूगर्भीय यश आणि व्यापारी यश यांत फरक आहे. तेल सापडण्याची शक्यता २० टक्के असेल आणि सापडलेले तेल काढण्याइतके मोठे असण्याची शक्यता त्यातून ६० टक्के असेल, तर भागधारकाच्या दृष्टीने खरी शक्यता १२ टक्केच उरते. अहवालांत बहुधा पहिलाच आकडा असतो.

भावात दडलेली शक्यता

आता मुख्य हिशेब. समजा एका कंपनीचे २० कोटी समभाग आहेत आणि भाव ५० सेंट आहे. म्हणजे बाजारमूल्य १० कोटी डॉलर. विहीर झाल्यावर २ कोटी डॉलर रोकड उरेल आणि इतर छोट्या मालमत्तेची किंमत १ कोटी डॉलर आहे. दोन्ही मिळून प्रत्येक समभागामागे १५ सेंट होतात. विहीर कोरडी निघाली तर भाव उतरून थांबण्याची ही अंदाजे पायरी आहे. प्रत्यक्षात निराशेच्या भरात तो तिच्याही खाली जातो. परवान्यात कंपनीचा हिस्सा ३० टक्के आहे आणि मध्यम अंदाज १५ कोटी पिंपांचा आहे, म्हणजे कंपनीच्या वाट्याला ४.५ कोटी पिंपे येतात. जमिनीखाली असलेल्या, अजून विकसित न झालेल्या एका पिंपाची किंमत सरकारचा वाटा आणि पुढील खर्च लक्षात घेता ५ डॉलर धरू. यश आले तर २२.५ कोटी डॉलर, म्हणजे प्रत्येक समभागामागे ११२.५ सेंट.

बाजार आज १५ सेंटच्या वर ३५ सेंट जास्त देतो आहे. ३५ ला ११२.५ ने भागल्यास ३१ टक्के येतात. म्हणजे आजच्या भावाने यशाची शक्यता ३१ टक्के धरली आहे, आणि तज्ज्ञाचा अहवाल २० टक्के सांगतो. २० टक्क्यांनुसार वाजवी भाव ३७.५ सेंट होतो. या टप्प्यावर खरेदी करणारा माणूस तेलावर पैसा लावतो आहे असे समजत असतो. प्रत्यक्षात तो तज्ज्ञांपेक्षा दीडपट आशावादी असलेल्या गर्दीकडून समभाग विकत घेत असतो.

हा हिशेब प्रति पिंप किमतीला फार संवेदनशील आहे. ५ ऐवजी १० डॉलर धरले तर गृहीत शक्यता १६ टक्क्यांच्या आत येते आणि तोच समभाग स्वस्त दिसू लागतो. ३ डॉलर धरले तर ती ५२ टक्क्यांवर जाते. कंपनीच्या सादरीकरणातील प्रति पिंप किंमत कोणत्या तेलभावावर आणि कोणत्या करव्यवस्थेत काढली आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे. त्याच देशात, साधारण तितक्याच खोल पाण्यात, सापडलेले पण विकसित न झालेले तेल अलीकडे प्रत्यक्ष कोणत्या भावाला विकले गेले, हा सर्वांत भरवशाचा मापदंड असतो. वॉरंटचा परिणामही इथेच कळतो. ४ कोटी वॉरंट असतील आणि त्यांतून येणारी रक्कम बाजूला ठेवली, तर यशाचे मूल्य प्रत्येक समभागामागे ९३.७५ सेंट आणि तळाची पायरी १२.५ सेंट होते, आणि गृहीत शक्यता ३१ वरून थेट ४० टक्क्यांवर चढते.

आणखी एक दुरुस्ती करावी लागते. यश जाहीर होताच भाव पूर्ण १२७.५ सेंटवर जाऊन बसत नाही. शोधाची व्याप्ती ठरवायला आणखी विहिरी लागतात, त्यासाठी पुन्हा पैसा उभारावा लागतो, आणि बाजार या सगळ्यांची सूट आधीच घेतो. समजा तो ९० सेंटवर गेला. मग ५० सेंटला घेतलेल्या समभागावर यशात ४० सेंट मिळतात आणि अपयशात ३५ सेंट जातात. २० टक्के शक्यतेने हा व्यवहार सरासरी २० सेंटचा तोटा देतो. तो केवळ समतोलावर यायला यशाची शक्यता ४७ टक्के असायला हवी. तोच समभाग सहा महिने आधी २५ सेंटला मिळत होता असे धरा. तेव्हा यशात ६५ सेंट मिळणार होते, अपयशात १० सेंट जाणार होते, आणि समतोलाला १३ टक्के शक्यता पुरेशी होती. विहीर तीच, खडक तोच, अहवाल तोच. खरेदीच्या भावाने एका व्यवहाराचे दोन वेगळे व्यवहार केले. या संपूर्ण लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर तो हा परिच्छेद वाचावा, आणि आपल्या हातातल्या कंपनीचे आकडे घालून तो पुन्हा मांडून पाहावा.

कधी शिरावे आणि कधी निघावे

वरचा हिशेब मान्य केला की वेळेचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. परवाना मिळणे, सिस्मिक सर्वेक्षण, भागीदार मिळणे, निधी उभारणे, रिगचा करार, खोदाईची सुरुवात आणि निकाल असा हा क्रम असतो. बहुतेक वेळा रिगचा करार झाल्यापासून निकालाच्या आदल्या आठवड्यापर्यंत भाव चढत जातो, कारण जाहीर तारीख जवळ येत असते आणि लक्ष वेधले जात असते. भूगर्भाविषयी मात्र या काळात कोणालाही नवे काही कळलेले नसते. या चढणीत आधी घेतलेले समभाग हळूहळू विकणे हा माझ्या मते या सबंध क्षेत्रातला सर्वांत वाजवी व्यवहार आहे. अर्थात त्यातही धोका आहे. रिग आधीच्या विहिरीवर अडकून उशिरा येते, तेलाचा भाव पडतो, किंवा शेजारच्या परवान्यातील विहीर कोरडी निघते आणि आपल्या विहिरीची शक्यताही घटते.

निकालापर्यंत किती समभाग हाती ठेवायचे, हे खोदाई सुरू होण्यापूर्वी तारखेसह लिहून ठेवावे. खोदाई सुरू झाल्यानंतर माणूस दररोज अर्थ काढू लागतो. रिगभोवतीच्या पुरवठा जहाजांच्या हालचाली पाहता येतात, ठरलेले दिवस उलटले की तर्क सुरू होतात, आणि एकाच शांततेचा अर्थ कोणी तेल लागले असा लावतो तर कोणी नळ अडकला असा. हे संकेत दोन्ही बाजूंनी वाचता येतात, त्यामुळे त्यांवर निर्णय बदलू नये. रिगवर काम करणाऱ्या कोणाकडून खरी आतली माहिती मिळालीच, तर तिच्यावर व्यवहार करणे बहुतेक देशांत गुन्हा आहे. युरोपीय संघात जुलै २०१६ पासून लागू असलेला बाजार गैरव्यवहारविषयक नियम त्याबाबत स्पष्ट आहे.

मुद्दल तेवढे काढून घेऊन उरलेले समभाग ‘फुकटचे’ मानण्याची पद्धत लोकप्रिय आहे. तिचा एक उपयोग मला मान्य आहे : तिच्यामुळे माणूस चढणीत काहीतरी विकतो. पण उरलेल्या समभागांची आजची किंमत हाही आपलाच पैसा असतो, आणि आज ती रक्कम रोख हातात असती तर याच भावाला हे समभाग घेतले असते का, हा प्रश्न त्यांनाही लागू पडतो.

नुकसान रोखण्यासाठी ठराविक भावाला विक्रीचा स्टॉप-लॉस आदेश ठेवण्यावर निकालाच्या वेळी मुळीच विसंबू नये. लंडनमध्ये कंपन्यांच्या घोषणा सकाळी सातपासून येतात आणि बाजार आठला उघडतो; ऑस्ट्रेलियात तर महत्त्वाच्या घोषणेपूर्वी कंपनीच्या विनंतीवरून व्यवहारच दोन दिवसांपर्यंत थांबवले जातात. बाजार उघडतो तेव्हा भाव उडी मारून खाली पोहोचलेला असतो आणि मधल्या पातळ्यांवर कोणी खरेदीदारच नसतो. मी एकदा असा आदेश ठेवून निश्चिंत राहिलो होतो. सकाळी विहीर कोरडी असल्याचे कळले आणि माझे समभाग ठरवलेल्या भावाच्या निम्म्याहूनही कमी भावाला विकले गेले. आदेशाने आपले काम नियमाप्रमाणेच केले होते. त्याचे काम मला समजलेले नव्हते.

किती लावावे

२० टक्के शक्यतेच्या पाच विहिरी सलग कोरड्या जाण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आहे आणि दहा सलग कोरड्या जाण्याची सुमारे ११ टक्के. विहिरी एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच हे खरे. एकाच खोऱ्यातल्या पाच विहिरींना उगमखडकाचा धोका सामाईक असतो, म्हणून तिथे पाच समभाग घेऊन धोका विभागला असे समजणे चूक आहे. केर्न एनर्जीने २०१० आणि २०११ मध्ये ग्रीनलँडच्या समुद्रात आठ विहिरी खोदल्या आणि व्यापारी शोध एकाही विहिरीत लागला नाही. याच कंपनीला राजस्थानात जानेवारी २००४ मध्ये मंगला हे मोठे क्षेत्र सापडले होते, तेव्हा अनुभव किंवा कौशल्य कमी पडले असे म्हणता येणार नाही. एका विहिरीच्या निकालावर ठेवलेली रक्कम पूर्ण गेली तरी झोप उडू नये, इतकीच ती असावी, आणि ती कधीही कर्जाऊ किंवा मार्जिनवर उचललेली नसावी.

छोट्या कंपन्यांत खरेदी आणि विक्रीच्या भावांतील अंतर मोठे असते, शिवाय एका वेळी किती समभाग विकता येतील यालाही मर्यादा असते. खरेदीपूर्वीच दलालाकडे विक्रीचा भाव विचारून आपल्या संपूर्ण संख्येला तो मिळतो का, हे पाहून घ्यावे.

घोषणा वाचताना

निकालाच्या घोषणेतील मथळा शेवटी वाचावा. आधी पाहायचे ते जाडीचे आकडे. थराची एकूण जाडी १०० मीटर असू शकते आणि तेल देण्याजोगी निव्वळ जाडी त्यात १२ मीटरच असू शकते. पैसा निव्वळ जाडीत असतो. त्यानंतर खडकाची सच्छिद्रता आणि पारगम्यता (त्यातून द्रव किती सहज वाहतो) पाहावी. ‘तेलाच्या खुणा मिळाल्या’ किंवा ‘कार्यरत हायड्रोकार्बन प्रणाली सिद्ध झाली’ अशी वाक्ये एकटीच आली असतील, तर उगमखडक आहे एवढेच कळले आणि काढण्याजोगे तेल लागले नाही, असा त्यांचा अर्थ घ्यावा. विहीर सिमेंटने बंद करून सोडून दिली, या वाक्याने मात्र घाबरू नये. शोधविहिरी यशस्वी झाल्या तरी पुष्कळदा बंदच केल्या जातात, कारण उत्पादनासाठी पुढे वेगळ्या विहिरी खोदायच्या असतात.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की द्रवाचा नमुना प्रत्यक्ष वर आला आहे का. डिझायर पेट्रोलियमने डिसेंबर २०१० च्या सुरुवातीला ‘रेचल नॉर्थ’ विहिरीत तेल लागल्याचे प्राथमिक माहितीच्या आधारे जाहीर केले आणि काही दिवसांतच नमुन्यांत पाणी असल्याचे सांगितले, समभाग कोसळला. विहिरीत सोडलेल्या उपकरणांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आणि नमुना यांतले अंतर त्या आठवड्यात अनेकांना महागात पडले. नमुना आला असला, तरी तेल कसे आहे हा प्रश्न उरतोच. ओरिंदुइकमध्ये ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लागोपाठ दोन शोध जाहीर झाले आणि भाव चढले. नोव्हेंबरमध्ये हे तेल जड आणि जास्त गंधकाचे असल्याचे कळले, तेव्हा टलोचा समभाग पडला आणि १५ टक्के हिस्सा असलेल्या छोट्या भागीदाराला प्रमाणाने त्याहून मोठा फटका बसला. घोषणेत तेलाच्या घनतेचा आकडा नसेल, तर तो येईपर्यंत यश अर्धवट समजावे.

प्रवाह चाचणीचा आकडा असेल तर तो किती तासांचा आणि किती रुंद चोकमधून (प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या तोंडातून) मोजलेला आहे, हे पाहावे. चोक पूर्ण उघडून काही तास घेतलेला उच्चांक वर्षानुवर्षे टिकणारा उत्पादनाचा दर सांगत नाही.

निकाल आल्यानंतर

यश आले असेल, तर पहिल्या दिवसाचा भाव हा बऱ्याचदा पुढच्या कित्येक महिन्यांचा उच्चांक ठरतो, कारण निधी उभारणी लवकरच येते. रॉकहॉपरनेही सी लायनच्या शोधानंतर त्याच वर्षी नवे समभाग विकून भांडवल उभे केले. शोधापासून उत्पादनापर्यंतचा काळही ध्यानात घ्यावा. घानातील ज्युबिली क्षेत्र २००७ मध्ये सापडले आणि २०१० च्या अखेरीस तेल देऊ लागले, ही फार वेगवान वाटचाल होती. मंगलाला २००४ ते २००९ अशी पाच वर्षे लागली. सेनेगलमधील २०१४ च्या शोधातून पहिले तेल २०२४ मध्ये आले, आणि सी लायनमधून २०२४ संपेपर्यंत व्यापारी उत्पादन सुरूच झालेले नव्हते. ज्याने निकालावर पैसा लावला होता, त्याने त्यानंतर समभाग ठेवायचे असतील तर ती विकासप्रकल्पातील वेगळी गुंतवणूक समजून तिचा हिशेब पहिल्यापासून मांडावा.

विहीर कोरडी निघाली असेल, तर भाव इतका पडला आहे म्हणून आणखी समभाग घेऊन सरासरी खाली आणण्याआधी तीन आकडे पाहावेत : उरलेली रोकड, कंपनीचा दर तिमाहीचा कार्यालयीन खर्च, आणि परवान्याच्या अटीनुसार पुढची विहीर खोदण्याची मुदत. रोकड चार तिमाहींहून कमी पुरणार असेल आणि पुढच्या विहिरीचे बंधन डोक्यावर असेल, तर सध्याच्या पडलेल्या भावाहूनही खाली नवे समभाग निघण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी मी त्याच सकाळी, मिळेल त्या भावाला, संपूर्ण विकून मोकळा होतो. याउलट भाव रोकडीच्याही खाली गेला असेल, कसलेही खोदाईचे बंधन नसेल आणि त्या विहिरीतून उगमखडक सिद्ध झाला असेल, तर काही आठवड्यांनी, विकणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, तोच हिशेब नव्या आकड्यांसह पुन्हा मांडून पाहतो.